आधी गवत ओळखा, मग तुडतुडा

भाताच्या चुडात, बुंध्याशी, पाण्याच्या जरा वर बसलेला साडेतीन ते पाच मिलिमीटरचा मातकट किडा दिसला, की तपकिरी तुडतुडा म्हणून आपण मोकळे होतो. बहुतेक वेळा ते बरोबरही निघते. तसाच किडा बांधालगतच्या गवतावर सापडला, तर मात्र इतक्या लवकर नाव घेऊ नये.

गट ओळखणे सोपे आहे. भिंगातून चेहरा पाहायचा. स्पर्शिका डोळ्यांच्या मधे असतील तर तो हिरव्या तुडतुड्याच्या गोतावळ्यातला. डोळ्यांच्या खाली, गालावर असतील तर फुलगोरॉइडिया गटातला; तपकिरी तुडतुडा याच गटातला. मग मागचा पाय. पोटरीच्या टोकाला कोंबड्यासारखी आर असेल आणि ती हलत असेल, तर कूळ डेल्फॅसिडी, म्हणजे तपकिरी तुडतुड्याचेच, यात शंका नको. हिरव्या तुडतुड्याला आर नसते, पोटरीभर काट्यांच्या रांगा असतात.

गाडी अडते ती जातीपाशी. रंगावर तर अजिबात विसंबू नये. एकाच जातीत आखूड पंखांचे आणि लांब पंखांचे असे दोन्ही प्रौढ असतात. पिल्ले दाटीत वाढली किंवा रोप वाळायला लागले, की लांब पंखांचे जास्त निपजतात. आखूड पंखांची गुबगुबीत मादी आणि तिचीच लांब पंखांची बहीण शेजारी ठेवली, तर नवखा माणूस त्यांना दोन जाती म्हणेल. उलट भातावरचा निलपर्वता ल्यूजेन्स, म्हणजेच तपकिरी तुडतुडा, आणि म्यूइरी व बेकेरी या निलपर्वताच्याच दोन जाती, त्याचे सख्खे भाऊ, वरवर सारखेच. तिघांच्याही मागच्या पावलाच्या पहिल्या पेरावर बारीक काटे असतात. खात्री करायची तर नराचे जननांग सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते. हाती नुसती मादी असेल तर अंदाजच.

इथे वनस्पती कामाला येते. म्यूइरी आणि बेकेरी राहतात लीर्शियावर. हे भाताच्याच नात्यातले गवत, ओलसर जागी आणि पाटाच्या कडेला वाढणारे. पण ‘भातावर ल्यूजेन्स, लीर्शियावर बाकीचे’ असा नियम करायला जावे तर फिलिपिन्समधले तुडतुडे आडवे येतात. तिथे लीर्शियावर ल्यूजेन्ससारखेच दिसणारे तुडतुडे आहेत. ते भातावर नीट जगत नाहीत आणि भातावरचे लीर्शियावर तग धरत नाहीत. 1980च्या दशकात कीटकशास्त्रज्ञ मायकेल क्लॅरिज आणि सहकाऱ्यांनी त्यांची ‘गाणी’ तपासली. हे तुडतुडे पोट थरथरवतात, ती थरथर खोडातून जोडीदारापर्यंत पोहोचते, आपल्या कानाला काहीच लागत नाही. अशी कंपने टिपायला ग्रामोफोनची सुईसुद्धा वापरली गेली आहे. दोन्हींच्या गाण्यांचा ठेका वेगळा निघाला. प्रयोगशाळेत त्यांचा संकर होतो, पण निवड करू दिली तर ते आपल्याच ठेक्याकडे वळतात. एक जात की दोन? मला विचाराल तर दोन म्हणण्याकडे माझा कल आहे.

किडा जिथे सापडला तेच त्याचे घर, असेही नाही. जुलै 1967मध्ये जपानच्या दक्षिणेला, भर प्रशांत महासागरात उभ्या असलेल्या हवामान जहाजावर हे तुडतुडे वाऱ्याबरोबर येऊन पडले होते. पानावर बसलेला पंखवाला प्रौढ हा कच्चा पुरावा. दिव्यावर आलेला त्याहून कच्चा. पक्का पुरावा म्हणजे पिल्ले, कारण त्यांना उडता येत नाही. खोडाला वेढणाऱ्या पर्णकोशात घातलेली अंडी सापडली तर उत्तमच.

म्हणून फोटो काढताना किड्याचा चेहरा आणि मागचा पाय घ्यावाच, पण गवतही घ्यावे, आणि तेही तुऱ्यासकट. तुऱ्याविना लीर्शिया आणि भात यांत गल्लत होऊ शकते. भाताच्या दाण्याच्या बुडाशी दोन चिमुकले खवले असतात, लीर्शियाच्या नसतात.