अवशिष्ट क्लोरीन

पाण्यात टाकलेला क्लोरीन आधी सेंद्रिय पदार्थ, लोह, अमोनिया आणि जंतू यांच्यावर खर्ची पडतो. अर्ध्या तासाने जो मोकळा उरतो तो अवशिष्ट क्लोरीन. टाकीपासून घरापर्यंत पाण्याची राखण तोच करतो. भारतीय मानक १०५०० (२०१२) प्रमाणे ग्राहकाच्या नळाला तो लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवा, विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तर ०.५. टाकीखालच्या नळाला घेतलेल्या आकड्यावरून शेवटच्या घराचे पाणी कळत नाही.

महाराष्ट्रातल्या खेड्यांत हे काम ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरीने करतो. ताज्या पावडरीत क्लोरीन साधारण ३३ टक्के असतो. हजार लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे ५० हजार लिटरच्या टाकीला २५० ग्रॅम पावडर लागते. प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात ती कालवून गुठळ्या मोडाव्यात, मग बादली भरून ढवळावी आणि अर्धा तास निवळू द्यावी. टाकी भरत असतानाच वरची निवळी ओतली की ती नीट मिसळते. तळाचा चुना टाकीत जाऊ देऊ नये. टाकी भरल्यावर आणखी अर्धा तास व्हॉल्व्ह उघडायचा नाही. पाण्यासाठी ओरड सुरू झाली की नेमका हाच अर्धा तास कापला जातो, आणि तोच सर्वांत महाग पडतो.

पावडरही दगा देते. उघडी गोणी दमट खोलीत पडली की क्लोरीन उडून जातो आणि मागे चुना राहतो. दिसायला भुकटी तशीच पांढरी. क्लोरीन २० टक्क्यांखाली गेलेली पावडर वापरू नये, त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा.

रोजची तपासणी ओटी चाचणीने होते. परीक्षानळीत नळाचे पाणी घेऊन ऑर्थोटोलिडीन (ओटी) या रसायनाचे थेंब टाकतात. पिवळी झाक आली तर क्लोरीन आहे. रंग दहाएक सेकंदांत वाचावा. उशिरा गडद होणारा रंग अमोनियाशी जोडलेल्या क्लोरीनचाही असतो, आणि त्याचा जोर मोकळ्या क्लोरीनपेक्षा खूपच कमी. ऑर्थोटोलिडीन शरीराला घातक आहे. गुलाबी रंग देणारी डीपीडी चाचणी अधिक चांगली.

टाकीपाशी पिवळा आणि शेवटच्या नळाला रंगच नाही, असे दिसले तर वाटेतली गळती शोधावी. तासभरच पाणी येणाऱ्या गावात एरवी नळात दाब नसतो, त्यामुळे गटारालगतच्या फुटक्या जोडातून सांडपाणी आत शिरते. नळाला थेट मोटर लावल्याने ही ओढ वाढते.

गढूळपणा हा क्लोरीनचा मोठा वैरी, कारण मातीच्या कणांआड जंतू लपतात. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेच्या पुरानंतर नजफगढ नाल्याचे सांडपाणी वझिराबादला शहरासाठी पाणी उपसतात तिथपर्यंत पोचले. तुरटी व क्लोरीन वाढवल्याने टायफॉइड वाढला नाही, पण विषाणूमुळे होणाऱ्या काविळीचे सुमारे २९ हजार रुग्ण निघाले. पावसाळ्यात म्हणूनच आधी तुरटीने पाणी निवळवून गाळावे, मग क्लोरीनचा डोस वाढवावा आणि शेवटच्या नळाला ओटी रोज घ्यावी.