मूळ रंगाचा शिपाई आणि पुन्हा रंगवलेला शिपाई

एकाच साच्यातले शिशाचे दोन जुने खेळण्यातले शिपाई शेजारी ठेवले, एकाचे टवके उडालेले आणि दुसरा लखलखीत, तर नवखा माणूस लखलखीत शिपाई उचलतो. जाणकार संग्राहक टवके उडालेल्याला जास्त पैसे मोजतात, कारण त्याच्यावरचा रंग कारखान्यातला आहे.

लंडनच्या ब्रिटन्स कंपनीने १८९३ मध्ये शिशाचे पोकळ शिपाई ओतायला सुरुवात केली आणि १९६६ मध्ये ते काम थांबवलं. मूळ रंगातले नग त्यामुळे आता फक्त कमी होत जाणार. पुन्हा रंगवलेले मात्र कोणीही, कधीही तयार करू शकतो. किमतीतली खरी दरी इथूनच पडते.

ओळखायला दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरेसं आहे. मूळ रंग हाताळून झिजतो तो टोकांवर: शिरस्त्राण, खांदा, बंदुकीची नळी, तळाची कड. तिथे राखाडी शिसं उघडं पडलेलं दिसतं. नव्या रंगाखाली जुन्या टवक्याची कड पायरीसारखी जाणवते, तळावरची अक्षरं बुजलेली असतात आणि हलत्या हाताचा सांधा रंगाने चिकटलेला असतो. मानेकडे जरूर पाहा. तुटलेलं डोकं काडी घालून बसवलं की तो जोड लपवायला बहुतेक वेळा रंगच वापरतात. शिपाई वजनाला जड लागला आणि चेहरा बोथट असला, तर तो जुन्या नगावरून साचा काढून ओतलेला नवा भरीव शिपाईही असू शकतो.

ब्रिटन्सचे शिपाई पेटीत विकले जात: पायदळाच्या नेहमीच्या पेटीत आठ शिपाई, घोडदळाच्या पेटीत पाच. त्यातला एक जरी पुन्हा रंगवलेला निघाला, तरी अख्ख्या पेटीचा भाव उतरतो. भाव ठरवताना विक्रेता काय मागतो ते सोडा, लिलावात तसाच नग कितीला गेला ते पाहा आणि लिलावघराचं कमिशन त्यात धरायला विसरू नका.

पुन्हा रंगवलेला शिपाई मांडणीसाठी खुशाल घ्या, स्वस्तात छान दिसतो. पण गुंतवणूक म्हणून घेऊ नका, आणि मूळ रंगाच्या शिपायाच्या टवक्यांवर ब्रश तर मुळीच फिरवू नका. त्याला ओकच्या लाकडी कपाटातही ठेवू नका: त्या लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिशावर पांढरी भुकटी धरते आणि शिपाई आतून पोखरत जातो.