नृत्योपचाराने नैराश्य किती उतरलं, हे मोजायचं कशाने?

नैराश्य रक्ताच्या तपासणीत सापडत नाही. म्हणून संशोधक प्रश्न विचारतात आणि उत्तरांना गुण देतात. मॅक्स हॅमिल्टन यांनी १९६० मध्ये मांडलेली मोजपट्टी आजही सर्रास वापरली जाते. प्रशिक्षित व्यक्ती रुग्णाशी बोलून १७ मुद्द्यांवर गुण देते. जास्तीत जास्त ५२. याउलट ॲरन बेक यांची १९६१ची २१ प्रश्नांची प्रश्नावली रुग्ण स्वतःच भरतो.

उपचार नृत्याचा असला की इथेच पंचाईत होते. हॅमिल्टनच्या १७ पैकी ३ मुद्दे निव्वळ झोपेचे आहेत आणि त्यांना मिळून ६ गुण आहेत. बोलणं-चालणं मंदावणं, अस्वस्थ चुळबुळ यांनाही वेगळे गुण आहेत. एकूण गुण ७ किंवा त्याखाली आले की नैराश्य उतरलं, असं संशोधनात सहसा मानतात; तेव्हा झोपेचे ६ गुण काही थोडेथोडके नव्हेत. काही आठवडे नियमित नाचणाऱ्याला शांत झोप लागू लागली, तर मन तितकंच उदास असतानाही त्याचे गुण घटू शकतात. बेकच्या सुधारित प्रश्नावलीत मात्र हालचाली मंदावल्या का, असा प्रश्नच नाही. म्हणून मला वाटतं, नृत्योपचाराच्या अभ्यासात नुसती बेरीज देणं अपुरं आहे. कोणत्या मुद्द्यावर किती फरक पडला, हेही छापायलाच हवं.

दुसरी अडचण अपेक्षेची. औषधाच्या चाचणीत हुबेहूब दिसणारी निष्क्रिय गोळी देता येते. नाचाचं तसं सोंग आणता येत नाही. आपण नाचतोय हे प्रत्येकाला ठाऊक असतं आणि बरं वाटावं ही आशा उत्तरांत उतरते. निदान गुण देणाऱ्याला तरी समोरची व्यक्ती कोणत्या गटातली हे माहीत नसावं. तुलनेचा गटही नुसता प्रतीक्षायादीवर ठेवलेला नको. तितकाच वेळ एकत्र जमणारा, पण दुसरं काही करणारा गट असेल, तरच सोबतीचा परिणाम कोणता आणि नृत्याचा कोणता, हे वेगळं काढता येईल.

वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१५च्या आढाव्यात कसोटीला उतरणारे अभ्यास अवघे ३ होते, सहभागी १४७. प्रौढांमध्ये सुधारणेची चिन्हं दिसली. पण पुरावा इतका कमकुवत होता, की नृत्योपचार नैराश्यावर गुणकारी आहे असं खात्रीने म्हणता आलं नाही. परिणाम होत नाही असं सिद्ध झालं, असा याचा अर्थ बिलकुल नाही.

मला सर्वांत आशादायक वाटते ती थेट शरीराकडे पाहण्याची वाट. योहानेस मिखालाक आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये नैराश्यग्रस्तांची चाल त्रिमितीय चित्रणातून मोजली. त्यांचा वेग कमी होता, हात कमी हलत होते, खांदे-मान पुढे झुकलेली होती आणि शरीर डावी-उजवीकडे जास्त डोलत होतं. हे सगळं आकड्यांत मांडता येतं आणि रुग्णाने काय सांगितलं, यावर ते अवलंबून नसतं.

मात्र नृत्योपचार हालचालच घडवतो. त्यामुळे मन न सावरताही चाल सुधारू शकते. म्हणून चाल आणि मनःस्थिती दोन्ही मोजायला हव्यात, आणि सत्रं संपल्यावर काही महिन्यांनी त्याच मोजण्या पुन्हा घ्यायला हव्यात.