आधी खंभात की आधी मन्नार? समुद्रातल्या पवनचक्क्यांची पार्श्वभूमी

डेन्मार्कने १९९१ मध्ये विंडेबीच्या उथळ समुद्रात ११ पवनचक्क्या उभ्या केल्या. त्यापुढे युरोपात अशा पवनचक्क्या वाढत गेल्या. आपल्याकडे २०१५ मध्ये समुद्रातल्या पवनऊर्जेचे धोरण आले आणि किनाऱ्यापासून २०० नॉटिकल मैलांपर्यंतचा समुद्र खुला झाला. २०१८ मध्ये लक्ष्य जाहीर झाले : २०२२ पर्यंत ५ गिगावॉट (१ गिगावॉट म्हणजे १,००० मेगावॉट), २०३० पर्यंत ३०. २०२२ उलटले तेव्हा समुद्रात एकही पाते फिरत नव्हते.

खरा वाद आहे तो पहिल्या जागेचा. २०१७ च्या अखेरीस वारा मोजणारे लायडार यंत्र बसले ते गुजरातच्या पीपावावसमोर, खंभातच्या आखाताच्या तोंडाशी. पहिल्या १ गिगावॉटसाठी इच्छुक कंपन्यांकडून प्रस्तावही तिथलेच मागवले गेले. पाणी उथळ, मोजणी हाताशी, त्यामुळे कागदावर निवड पटण्याजोगी. पण वाऱ्याचा सरासरी वेग भरला सेकंदाला साडेसात मीटरच्या आसपास. तमिळनाडूच्या दक्षिण टोकाला तो नऊच्या पुढे जातो. वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे साडेसातच्या जागी नऊ मिळाले तर ती जवळपास पावणेदोनपट होते. खर्च मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. त्यात खंभातचा तळ मऊ चिखलाचा, भरतीचे प्रवाह जोरकस. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ धडकले तेही जवळच, ऊनापाशी. त्याच वादळाने वाटेत बॉम्बे हायजवळ एक बार्ज बुडवला होता.

मग तमिळनाडूच का नको? तिथल्या मन्नारच्या आखातात सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, आणि मच्छीमारांची दाट वस्ती. त्यांना विचारायला कोण आधी गेले, हा प्रश्न अजून उभाच आहे.

दराचे गणित तर सरळच आहे. २०२० च्या डिसेंबरात गुजरातच्याच एका लिलावात जमिनीवरची सौरवीज युनिटला १ रुपया ९९ पैशांपर्यंत उतरली. त्यापुढे समुद्रातली महागडी वीज कोणती वितरण कंपनी आपणहून घेईल?

फेब्रुवारी २०२४ मध्ये तमिळनाडूसमोरच्या ४ गिगावॉटसाठी समुद्रतळ भाड्याने देण्याची निविदा निघाली. अनुदान नाही, वीज खपवायची जबाबदारीही बोली लावणाऱ्याचीच. जूनमध्ये केंद्राने ७,४५३ कोटी रुपयांचा व्यवहार्यता तफावत निधी, म्हणजे प्रकल्प परवडावा म्हणून खर्चातली तूट भरून काढणारे अनुदान, मंजूर केला, गुजरात आणि तमिळनाडूला प्रत्येकी ५०० मेगावॉटसाठी. सप्टेंबरात गुजरातच्या वाट्याची निविदा आली. मुदती वाढत गेल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये दोन्ही निविदा रद्द झाल्या.

निधीतले ६०० कोटी मात्र दोन बंदरांच्या सुधारणेसाठी होते. अजस्र पाती आणि खांब ठेवायला बंदरात योग्य धक्का नाही, ते समुद्रात उभे करणारी जहाजे देशात नाहीत. ही कामे २०१५ मध्येच हाती घ्यायला हवी होती; ती निघाली नऊ वर्षांनी.