नाव चोरलं की खातं फोडलं?

मराठवाड्याच्या इतिहासावर लिहिणाऱ्यांचा एक ईमेल गट आहे असं समजा. तेरच्या विटांच्या त्रिविक्रम मंदिरावर चर्चा रंगलेली असते आणि मधेच एका निवृत्त गुरुजींच्या नावानं झटपट कर्जाची लिंक येऊन पडते. गट चालवणारा घाईघाईत गुरुजींचा पत्ता ब्लॉक करतो. पुढं गुरुजी औंढ्याच्या शिल्पांवर मन लावून लिहितात, पण ते कुणापर्यंत पोचत नाही आणि का पोचत नाही हेही त्यांना कळत नाही. मला हे फार वाईट वाटतं, कारण असं लिहिणारी माणसं मुळात थोडी. म्हणून आधी ठरवावं: गुरुजींचं नुसतं नाव वापरलंय की त्यांचं खातंच कुणाच्या हाती लागलंय?

नाव वापरणं सोपं आहे. ईमेल पाठवण्याची मूळ पद्धत १९८२ सालची आणि तिच्यात पाठवणारा खरा कोण, याची पडताळणीच नव्हती. पोस्टकार्डावर कुणीही कुणाचंही नाव लिहावं, तसंच. पडताळणी नंतर आली. एसपीएफ बघतं, की ज्या सर्व्हरवरून मेल आला त्याला पाठवणाऱ्याच्या डोमेनची, म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाची, परवानगी आहे का. डीकेआयएम मेलवरची डिजिटल सही तपासतं. डीमार्क या दोन्हींचा मेळ मेलवर दिसणाऱ्या पाठवणाऱ्याच्या पत्त्याशी घालतं. जीमेलमध्ये संगणकावर मेल उघडून तीन टिंबांखालच्या 'शो ओरिजिनल'मध्ये तिन्हींचे निकाल दिसतात. मात्र गटातून फिरून आलेली प्रत यासाठी बघू नका. गट विषयात स्वतःचं नाव किंवा खाली चार ओळी जोडतो, त्यानं सही मोडते आणि खरा मेलही नापास दिसतो. गटाच्या सर्व्हरवर पोचलेली मूळ प्रतच बघा.

डीमार्क नापास असेल तर बहुधा नाव चोरलंय. सदस्याला हात लावू नका. सदस्याचा पत्ता आणि डीमार्क नापास, असा मेल तपासणीसाठी रोखून ठेवायचा नियम करा. परस्पर टाकून देऊ नका, कारण एखाद्या कॉलेजनं आपल्या सर्व्हरची नोंदच नीट केलेली नसते आणि तिथल्या प्राध्यापकांचे खरे मेलही नापास होतात. नाव तेच पण पत्ता भलताच असेल, तर तो सदस्य नाहीच.

तिन्ही पास असतील तर मामला गंभीर. मेल बहुधा गुरुजींच्या खात्यातूनच निघालाय, त्यामुळं सहीची कुठलीही तपासणी तो पकडणार नाही. अशा वेळी गुरुजींना गटातून न काढता त्यांच्यावर मॉडरेशन लावा, म्हणजे त्यांचा प्रत्येक मेल आधी तुमच्याकडं येईल. मग फोन करा. मेलवर कळवलं तर ते चोरही वाचेल. पासवर्ड बदलायला, टू-स्टेप (पासवर्डनंतरची दुसरी तपासणी) चालू करायला आणि अनोळखी डिव्हाइस बाहेर काढायला सांगा. सेटिंगमध्ये त्यांचे मेल गुपचूप दुसऱ्या पत्त्यावर फॉरवर्ड होत नाहीत ना, हे नक्की बघायला लावा. पासवर्ड बदलला तरी ती वाट उघडीच राहते. त्यानंतरचे त्यांचे दोन-चार मेल नीट आले, की मॉडरेशन लगेच काढा.