आधी काय वाटलं होतं?

माझ्या बुद्धिबळाच्या ऑनलाइन तीन-तीन मिनिटांच्या डावांची संख्या गेल्या महिन्यात अकरा हजारांवर गेली. त्यातले साधारण निम्मे हरलेले. 'माणूस चुकांमधून शिकतो' हे वाक्य जसंच्या तसं खरं असतं, तर साडेपाच हजार चुकांच्या भांडवलावर एव्हाना ग्रँडमास्टर किताब घरपोच यायला हवा होता. मानांकन मात्र सहा वर्षांपूर्वी जिथे होतं तिथेच, घाटात बंद पडलेल्या एसटीसारखं उभं आहे.

म्हणून मुलांच्या स्पर्धेत दाराशी थांबलेले पालक "हरलास ना, असू दे, हरण्यातूनच शिकायला मिळतं" असं म्हणतात तेव्हा मला थोडी शंका येते. नुसतं हरणं काही शिकवत नाही. शिकवतो तो फरक: काय होईल असं वाटलं होतं आणि काय झालं, या दोहोंमधला. हे माझं तत्त्वज्ञान नाही. यंत्रांना खेळायला शिकवणाऱ्यांनी आणि माकडांच्या मेंदूत तारा सोडून बसलेल्यांनी वेगवेगळ्या वाटांनी गाठलेली ही जागा आहे.

१२ डिसेंबर २०२४ ची संध्याकाळ आठवा. सिंगापूरला जगज्जेतेपदाच्या लढतीचा चौदावा डाव चालू होता. काळ्या मोहऱ्यांनी आपला गुकेश, पांढऱ्यांनी चीनचा जगज्जेता डिंग लिरेन, गुण साडेसहा-साडेसहा. गुकेशकडे एक प्यादं जास्त होतं, पण डाव बरोबरीत सुटणार असंच जवळजवळ सगळ्यांना वाटत होतं. पंचावन्नाव्या चालीला डिंगने हत्ती एफ-२ वर आणून हत्तींच्या मारामारीची तयारी दाखवली. त्याचा उंट ए-८ च्या कोपऱ्यात होता. हत्ती गेल्यावर गुकेशचा उंट डी-५ वर येतो, कोपऱ्यातल्या उंटाला पळायला वाट उरत नाही, उंटही पटावरून जातात आणि उरलेल्या राजा-प्याद्यांच्या शेवटात काळा सरळ जिंकतो. आपल्या मोबाइलवर बाजूची, इंजिनची (म्हणजे चाली तपासणाऱ्या प्रोग्रामची) मूल्यांकनाची पट्टी धाडकन कोसळली आणि चौथीतल्या पोरापासून आजोबांपर्यंत सगळ्यांना ती घोडचूक त्याच क्षणी 'दिसली'. खुद्द गुकेशला मात्र ती लगेच दिसली नाही. तो वेगळीच चाल करण्याच्या बेतात होता, हे त्याने नंतर सांगितलं.

त्या संध्याकाळी आपण हत्ती-उंटांच्या शेवटाबद्दल काय शिकलो? मी तर काहीच नाही. कारण पट्टी कोसळायच्या आधी मी कोणताही अंदाज बांधलेला नव्हता, त्यामुळे चुकायला काही नव्हतंच.

आता माझ्या आवडत्या भागाकडे येतो. इथे थोडं गणित आहे, पण ते आठवीच्या पलीकडचं नाही.

समजा मी एक डाव ४१ चालींत हरलो. हरलो म्हणजे निकाल शून्य. पण ४१ पैकी नेमकी कुठली चाल वाईट होती? निकाल ते सांगत नाही. निकाल हा घरमालकासारखा असतो, महिनाअखेरीला एकदाच दारात येतो आणि रागावून जातो. फक्त निकालावरून शिकायचं म्हटलं तर सगळ्याच ४१ चालींना थोडा थोडा दोष द्यावा लागेल. त्यातल्या तीस चाली उत्तम असल्या तरी. खेळणाऱ्या यंत्रांपुढचा हा जुना प्रश्न आहे: श्रेय आणि दोष वाटायचे कसे?

आयबीएममधल्या आर्थर सॅम्युएल यांनी १९५० च्या दशकात चेकर्स हा पटावरचा सोंगट्यांचा खेळ खेळणारा संगणक-कार्यक्रम लिहिताना यावर एक सुंदर युक्ती काढली. निकालाची वाट बघायचीच नाही. प्रत्येक चालीला आपल्या जिंकण्याचा अंदाज करायचा आणि पुढच्या चालीनंतरच्या अंदाजाशी तो ताडून बघायचा. दोन लागोपाठच्या अंदाजांत मोठा फरक पडला, तर पहिला अंदाज कुठेतरी चुकलेला होता. रिचर्ड सटन यांनी १९८८ मध्ये या कल्पनेला नेटकं गणिती रूप दिलं. 'टेम्पोरल डिफरन्स', म्हणजे वेगवेगळ्या वेळी केलेल्या अंदाजांमधला फरक. सटन आणि त्यांचे गुरू अँड्र्यू बार्टो यांना २०२४ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला, तो यातून वाढलेल्या शास्त्रासाठी.

सूत्र असं:

नवा अंदाज = जुना अंदाज + अ × (पुढचा अंदाज − जुना अंदाज)

यातला 'अ' म्हणजे एका धक्क्याने किती बदलायचं ते प्रमाण. तो १ धरला तर एका पराभवाने माणूस आपली ओपनिंगच, म्हणजे डावाची ठरलेली सुरुवातच, फेकून देतो. (असे लोक प्रत्येक क्लबात असतात.) शून्य धरला तर तो मी. आपण ०.१ घेऊ.

विसाव्या चालीनंतर मला वाटलं, जिंकण्याची शक्यता ७१ टक्के. एकविसाव्यानंतर ७२. मग समोरच्याचा घोडा अशा घरी येऊन बसला की बाविसाव्याला माझा अंदाज ३५ वर आला. फरक उणे ३७. त्याचा दहावा भाग उणे ३.७. म्हणजे एकविसाव्या चालीनंतरच्या स्थितीचा अंदाज ७२ वरून ६८.३ होतो. तसाच पट पुन्हा आला की मी थोडा कमी हुरळून जाईन.

पण खरी गंमत पुढेच आहे. धक्का बाविसाव्या चालीला बसला, याचा अर्थ चूक तिथेच झाली असा नाही. बातमी तिथे पोचली, एवढंच. घटना कदाचित अठराव्या चालीला घडली असेल, जेव्हा मी घोड्याला अडवणारं प्यादं उगाच पुढे ढकललं. सूत्र हेही सावकाश पकडतं. विसाव्या चालीनंतरचा ७१ हा अंदाज पहिल्या वेळी ७२ शी ताडून ७१.१ झाला होता; पुढच्या वेळी तसाच डाव आला की तो ६८.३ शी ताडला जातो. फरक उणे २.८, म्हणून ७१.१ चे ७०.८२ होतात. त्याच्या पुढच्या वेळी एकोणिसाव्याला त्याची झळ लागते. भिंतीतली ओल जशी एका विटेतून दुसऱ्या विटेत सरकते, तशी वाईट बातमी डावागणिक एक-एक चाल मागे झिरपत मूळ चुकीपर्यंत जाते. ही झिरप वेगवान करायला सटन यांनी 'लॅम्डा' नावाचं बटण ठेवलं आहे. ते जितकं वर, तितका एकाच डावातला धक्का एकदम जास्त चालींमागे पोचतो, पण मग निर्दोष चालींच्या अंगावरही शिंतोडे उडतात. लॅम्डा १ केला की आपण फिरून घरमालकापाशी येतो, फक्त निकालावरून दोष वाटणारे.

हे बुद्धिबळात खरोखर चालतं का? १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ऑस्ट्रेलियातल्या जोनाथन बॅक्स्टर, अँड्र्यू ट्रिजेल आणि लेक्स वीव्हर यांनी 'नाइटकॅप' नावाच्या प्रोग्रामला या पद्धतीचा एक प्रकार शिकवला आणि इंटरनेटवर माणसांशी व इतर प्रोग्रामांशी खेळायला सोडून दिलं. सुरुवातीला त्याला मोहऱ्यांच्या किमती ठाऊक होत्या; बाकी राजाची सुरक्षितता, प्याद्यांची रचना वगैरे सगळ्याला शून्य किंमत. तीन दिवसांत, ३०८ डावांत, त्याचं मानांकन १६५० वरून २१५० वर गेलं. तीनशे आठ! माझे अकरा हजार. फरक हाच, की नाइटकॅपकडे प्रत्येक चालीचा आकड्यातला अंदाज होता आणि तो बदलायला त्याची हरकत नव्हती.

माकडांची गोष्ट तितकीच देखणी आहे. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ माकडांच्या मेंदूतल्या, डोपामाइन हे रसायन सोडणाऱ्या पेशींचे ठोके, म्हणजे विजेचे संकेत, मोजत होते. माकडाला अचानक फळाच्या रसाचा थेंब मिळाला की या पेशी जोरात ठोके देत. रसाआधी दरवेळी दिवा लागतो हे माकड शिकल्यावर पेशी दिव्याला ठोके देऊ लागल्या, आणि रस आला तरी गप्प. दिवा लावून रस दिलाच नाही, तर ज्या क्षणी तो यायला हवा होता बरोबर त्याच क्षणी ठोके नेहमीपेक्षा खाली गेले. पीटर डायन आणि रीड मॉन्टेग्यू यांच्यासह शुल्ट्झ यांनी १९९७ मध्ये दाखवलं की हे वागणं जवळजवळ सटन यांच्या कंसातल्या वजाबाकीसारखं आहे. म्हणजे या पेशींचे ठोके आनंद मोजत नाहीत, अंदाजाची चूक मोजतात.

हे एवढं कळलं की 'डोपामाइन डिटॉक्स'चे व्हिडिओ बघताना हसू येतं. डोपामाइन हा मेंदूत साचणारा मळ नाही की आठवडाभर मोबाइल न बघितल्याने धुऊन निघेल. त्याहून वाईट म्हणजे 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'चे, म्हणजे मध्यमेंदू 'जागा' करून देणारे वर्ग. डोळ्यांवर पट्टी बांधून पोरं वाचतात म्हणे! पट्टीखालच्या फटीतून वाचतात, हे विवेकवादी कार्यकर्त्यांनी कितीदा उघडं पाडलं आहे. शुल्ट्झ यांनी तपासलेल्या त्या पेशी मध्यमेंदूतच असतात आणि फी न भरताही चालू असतात. अर्थात, माकडाच्या रसापासून माणसाने विचार करून दिलेल्या वजिराच्या बळीपर्यंतची उडी मोठी आहे, तिथे मेंदूचे इतर भागही कामाला लागतात. पण शिकायला आधी अंदाज लागतो, ही गोष्ट दोन्हीकडे तीच.

गंमत म्हणजे बुद्धिबळाचं मानांकनही याच सूत्रावर चालतं. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अर्पाद एलो यांची पद्धत जागतिक संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली. मिळालेल्या गुणांतून अपेक्षित गुण वजा करा आणि 'के' या ठरलेल्या आकड्याने गुणा. मी १५०० आणि समोरचा १७०० असेल तर माझे अपेक्षित गुण ०.२४. के २० असेल तर हरल्यावर ४.८ गुण जातात, जिंकल्यावर १५.२ मिळतात. नवख्याचा के ४०, २४०० गाठलेल्याचा कायमचा १०. मुरलेला माणूस एका डावाने फार हलत नाही. तो आपला 'अ'च.

मग इंजिन हाताशी असताना आपण का शिकत नाही? कारण डाव संपल्या क्षणी आपण बटण दाबतो. लाल खुणा दिसतात, आपण मान डोलावतो: "हो, हे मला वाटलंच होतं." वाटलं नव्हतं. मानसशास्त्रज्ञ बारूख फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. १८१४ च्या इंग्रज-गुरखा युद्धाचं वर्णन लोकांना वाचायला दिलं. काहींना सांगितलं इंग्रज जिंकले, काहींना सांगितलं गुरखे जिंकले, काहींना निकालच सांगितला नाही. नंतर विचारलं, निकाल ठाऊक नसता तर काय होईल असं वाटलं असतं? ज्याला जो निकाल सांगितला होता त्याला तोच आधीपासून जास्त संभवनीय वाटला. निकाल कळला की जुना अंदाज मागच्या मागे पुसला जातो. कंसातला एक आकडाच गायब, मग वजाबाकी कशातून करणार?

इंजिन बंद ठेवून एकट्याने डाव तपासण्यातही अडचण आहेच. मेरीम बिलालिच, पीटर मॅक्लिऑड आणि फर्नांड गोबे यांनी २००८ मध्ये बलवान खेळाडूंपुढे एक कोडं ठेवलं. त्यात एक ओळखीची मात होती, राजा स्वतःच्याच मोहऱ्यांत कोंडलेला आणि घोड्याचा शह, आणि एक त्याहून कमी चालींची, अनोळखी. ओळखीची मात सापडल्यावर खेळाडू म्हणाले, "आता आणखी चांगली शोधतोय." डोळ्यांची हालचाल टिपणारं यंत्र वेगळंच सांगत होतं: नजर त्याच ओळखीच्या घरांभोवती घुटमळत होती. ओळखीची वाट बंद केलेलं कोडं दिलं, की तशाच ताकदीच्या खेळाडूंना छोटी मात सापडे. म्हणजे ज्या नजरेने चूक केली तीच नजर तपासायला बसते. म्हणून डाव संपल्यावर समोरच्याबरोबर पुन्हा पट मांडून बसायची जुनी रीत मला अजूनही इंजिनापेक्षा मोलाची वाटते. त्याचे अंदाज वेगळे असतात, आणि तो तोंडावर सांगतो.

सोव्हिएत जगज्जेते मिखाइल बोतविनिक या बाबतीत निष्ठुर होते. पेशाने विद्युत अभियंता. आपल्या डावांचं विश्लेषण करा, छापा आणि इतरांना त्यातल्या चुका काढू द्या, हा त्यांचा आग्रह. १९६० मध्ये तरुण मिखाइल ताल यांनी त्यांना साडेबारा-साडेआठ असं हरवलं. वर्षभराने परतीच्या लढतीत एकोणपन्नाशीच्या बोतविनिक यांनी १३-८ असा मुकुट परत घेतला. त्यावेळी ताल यांची तब्येत बरी नव्हती, हेही खरं. तरी मधल्या वर्षात बोतविनिक यांनी स्वतःच्या पडझडीचाही अभ्यास केला होता.

डाव चालू असताना अंदाज कागदावर लिहायला नियमांची बंदी आहे. नोंदपत्रकावर चाली, वेळ, बरोबरीचा प्रस्ताव असल्याच गोष्टी चालतात. त्यामुळे मी आता स्पर्धेतून बाहेर आलो की चहाच्या टपरीवर, मोबाइल खिशात ठेवून, आठवेल तेवढं वहीत लिहितो: कुठल्या चालीला काय वाटलं होतं. इंजिन रात्री. चाळीसेक डाव झाले. सगळ्यात जास्त वेळा खोटं ठरलेलं वाक्य आहे, "तो घोडा तिथून हलणार नाही." दुसऱ्या क्रमांकावर, "याला अजून किल्लेकोट करायला वेळ लागेल."

गेल्या रविवारी सातवीतल्या एका मुलीशी हरलो. वहीत चौदाव्या चालीपुढे लिहिलंय: "आता हत्ती मोकळा होईल, शक्यता ६५ टक्के." एकोणतिसाव्या चालीला मी डाव सोडला तेव्हा हत्ती ए-१ वरच होता.