दूध तोडण्याआधी डॉक्टरांना विचारा

नवजात बाळाचं हृदय एरवीही मिनिटाला १२० ते १६० वेळा धडधडतं. त्यामुळे त्याची लय बिघडली तरी नुसत्या हाताला ते चटकन कळत नाही. सुप्राव्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया, म्हणजे डॉक्टरांच्या तोंडचं 'एसव्हीटी', हा हृदय एकाएकी अतिवेगाने धावण्याचा विकार. तो सुरू झाला की ठोके २२० च्या वर जातात, कधी ३०० पर्यंतही. मोठं माणूस 'छातीत धडधडतंय' असं सांगतं. बाळ नुसतं दूध ओढेनासं होतं, फिकट पडतं, किरकिरतं. वाळपईचं असो वा पेडण्याचं, गोव्यातलं असं बाळ बऱ्याचदा बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) पोचतं.

इस्पितळातला भाग त्या मानाने सोपा. शिरेतून ॲडेनोसिन झटक्यात देतात, मॉनिटरवरची रेघ क्षणभर सपाट होते, आईबापाच्या पोटात गोळा येतो आणि ठोके ठिकाणावर येतात. हे औषध रक्तातून काही सेकंदांतच नाहीसं होतं. कठीण असतात ते नंतरचे महिने, कारण झटका पुन्हा येऊ नये म्हणून घरी रोज औषध द्यायचं असतं. पुष्कळ बाळांचा हा त्रास वर्षभरात आपोआप थांबतो, पण तोवर औषध चुकवून चालत नाही.

मूल म्हणजे लहान मापाचा मोठा माणूस, हा हिशेब इथे साफ चुकतो. लय सांभाळायला घरी रोज दिल्या जाणाऱ्या औषधांपैकी फ्लेकेनाइडचंच बघा. रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला नवजात बाळात सुमारे २९ तास लागू शकतात, तीन महिन्यांच्या बाळात ११-१२ आणि वर्षाच्या मुलात ६. म्हणजे औषध तेच, पण बाळ दर महिन्याला बदलतंय. व्हेरापामिल मोठ्यांच्या एसव्हीटीवर सर्रास वापरतात. तेच शिरेतून दिल्यावर तान्ह्या बाळांचा रक्तदाब कोसळल्याच्या आणि हृदय थांबल्याच्या नोंदी आहेत, म्हणून वर्षाखालच्या बाळाला ते टाळतात.

फ्लेकेनाइडची दुसरी गंमत दुधाशी बांधलेली आहे. दुधामुळे ते पोटातून कमी शोषलं जातं, आणि डॉक्टरांनी मात्रा ठरवलेली असते ती दूध पिणाऱ्या बाळासाठी. आता पावसाळ्यात बाळाला जुलाब लागले. घरातलं कुणीतरी जाणतं माणूस म्हणणार, "दूध बंद करा, पेजेची निवळ द्या." सल्ला मायेचाच, पण दूध थांबताच तेवढंच औषध जास्त शोषलं जातं, आणि लय सांभाळणारं औषध प्रमाणाबाहेर गेलं की तेच लय बिघडवतं.

प्रोप्रानोलोल हे ह्याच कामाचं दुसरं औषध, त्याचं दुखणं वेगळं. उपाशी बाळाला ते दिलं तर रक्तातली साखर घसरू शकते, आणि साखर घसरल्यावर जी धडधड व्हायची तीच हे औषध दाबून टाकतं. म्हणून ते दुधासोबत द्यायचं. बाळ पीत नसेल किंवा उलट्या करत असेल तर पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना फोन करायचा.

तिसरं औषध डिगॉक्सिन. त्यात औषध आणि विष यांत अंतर फार थोडं. परसातल्या पिवळ्या कण्हेरीच्या बिट्टीत असतात ती द्रव्यं ह्याच घराण्यातली, म्हणून ती बी मुलांच्या हाती लागू देत नाहीत. मुलांच्या पातळ डिगॉक्सिनमध्ये सहसा १ मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम असतं. दशांशचिन्ह एक घर सरकलं की मात्रा दसपट. स्वयंपाकघरातला चमचा इथे उपयोगाचा नाही. सुई नसलेली खुणांची सिरिंजच हवी. गोळी कुटून पुड्या करून दिल्या असतील, तर एका पुडीत किती औषध आहे ते कागदावर लिहून घ्यावं. बाळाचं वजन वाढलं की हिशेब पुन्हा करावा लागतो.

लय सांभाळणारं सोटॅलॉल किंवा अमिओडारोन चालू असेल तर आणखी एक गोष्ट. ही दोन्ही औषधं ईसीजीतलं 'क्यूटी' अंतर, म्हणजे प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला विजेच्या दृष्टीने पूर्ववत व्हायला लागणारा वेळ, लांबवतात. उलटीवरचं ऑन्डॅनसेट्रॉन किंवा डॉम्पेरिडोन, खोकल्यातापात लिहून दिलं जाणारं ॲझिथ्रोमायसिन, ही औषधंसुद्धा ते लांबवू शकतात. दोन्ही बाजूंनी ताण आला तर लय बिघडण्याचा धोका वाढतो. फार्मसीत उलटीचं औषध मागताना हृदयाच्या औषधाची बाटली सोबत न्यावी आणि आधी ती दाखवावी.